आकाशातली मुकी विमानं

गावाच्या वेशीवर रात्री गस्त घालणाऱ्यांना अंधारात हालचाल दिसली की ते हाळी देतात, ‘कोण आहे?’ पलीकडून नाव येतं, कुणाचा कोण ते कळतं आणि गस्त पुढे सरकते. उत्तर आलं नाही की मात्र गस्तवाल्याची खरी परीक्षा सुरू होते. पलीकडे चोर असेल, कानांनी अधू झालेला म्हातारा असेल, किंवा चक्कर येऊन बांधावर कोसळलेला एखादा शेजारीही असेल. मग काठी उगारायची, कंदील घेऊन जवळ जायचं, की आपल्यालाच भास झाला म्हणून माघारी वळायचं? या पुस्तकाचा विषय हाच प्रश्न आहे. फक्त इथली वेस पस्तीस हजार फुटांवर आहे आणि उत्तरासाठी मिळणारा वेळ मिनिटांत मोजायचा आहे.

आजची विमानवाहतूक अशाच हाळीवर आणि तिला मिळणाऱ्या उत्तरावर चालते. जमिनीवरचं रडार दोन तऱ्हांचं असतं. प्रायमरी रडार लहरी सोडतं आणि विमानाच्या अंगावर आपटून परतलेला प्रतिध्वनी टिपतं. त्यावरून विमान कुठे आहे ते समजतं. ते कुणाचं आहे ते समजत नाही आणि उंचीचाही भरवशाचा आकडा मिळत नाही. सेकंडरी रडार थेट प्रश्न विचारतं. १०३० मेगाहर्ट्झवर हाक जाते आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर १०९० मेगाहर्ट्झवर ओ देतो. त्या उत्तरात विमानाची उंची असते आणि नियंत्रकाने नेमून दिलेला चार आकडी संकेतांक असतो. वैमानिक त्याला ‘स्क्वॉक’ म्हणतात. त्यात ० ते ७ एवढेच अंक वापरतात, म्हणून सगळे मिळून ४०९६ संकेतांक होतात. त्यांतले तीन जगभर राखीव आहेत: अपहरणासाठी ७५००, रेडिओ बंद पडल्यास ७६०० आणि इतर कोणत्याही संकटासाठी ७७००. दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली की वैमानिकाला ‘वर जा’, ‘खाली जा’ असं सांगणारी टीकॅस यंत्रणासुद्धा समोरच्या ट्रान्सपॉन्डरलाच विचारत असते. समोरचं विमान मुकं असेल, तर टीकॅसच्या लेखी तिथे कुणी नसतंच.

ट्रान्सपॉन्डरचा जन्म दुसऱ्या महायुद्धातला. रडारवर ठिपका दिसे, पण तो आपला की शत्रूचा हे कळत नसे. म्हणून ठिपक्याला बोलतं करण्याची युक्ती निघाली. पुढे ती नागरी विमानांत आली आणि लष्करातला तो परवलीचा शब्द लाखो प्रवाशांचं संरक्षक कवच झाला. ट्रान्सपॉन्डरला बंद करण्याचं बटण मुळात ठेवलंच कशाला, असं अनेकजण विचारतात. आकाशात कोणत्याही विजेच्या उपकरणातून धूर येऊ शकतो आणि अशा वेळी त्याचा प्रवाह तोडणं वैमानिकाच्या हातात असावं लागतं, हे त्याचं सरळ उत्तर आहे. म्हणजे मुकं होण्याची शक्यता यंत्राच्या रचनेतच आहे. ती नाहीशी करता येणार नाही. तिला सामोरं कसं जायचं, एवढंच आपल्या हाती आहे.

उंची न कळणं म्हणजे काय, याची आपल्या देशाने मोजलेली किंमत विसरता येत नाही. १२ नोव्हेंबर १९९६च्या संध्याकाळी दिल्लीहून निघालेलं सौदी जंबो जेट आणि शिमकेंतहून दिल्लीकडे उतरणारं कझाक इल्युशिन विमान हरियाणातल्या चरखी दादरीवर समोरासमोर धडकलं. ३४९ माणसं गेली. सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितलं होतं. कझाक विमान त्याखाली आलं. नियंत्रकाला ते दिसण्याचा मार्गच नव्हता, कारण दिल्लीत तेव्हा सेकंडरी रडार कार्यरत नव्हतं. पडद्यावर फक्त ठिपके होते आणि उंचीसाठी वैमानिकाच्या शब्दावर विसंबावं लागत होतं. आजूबाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांना एकच वाट होती. न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्या आयोगाने चौकशी केली, त्यानंतर येण्या-जाण्याचे मार्ग वेगळे झाले, सेकंडरी रडार आलं आणि टीकॅस सक्तीचं झालं. त्या संध्याकाळी विमानं मुकी नव्हती. त्यांना विचारणारं कुणी नव्हतं.

गेल्या चार-पाच दशकांतल्या अशा घटना एकापुढे एक ठेवून वाचल्या की एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते, आणि हे पुस्तक तिच्यासाठीच वाचावं असं मला वाटतं. विमान मुकं झालं की त्याचं मौन रिकामं राहत नाही. जमिनीवरचा माणूस त्यात आपल्या मनातलं काहीतरी भरतो. कधी कागदावरची योजना, कधी स्वतःची भीती, तर कधी ‘आपलंच असेल’ ही सोयीची समजूत. पुढचं सगळं त्या भरण्यावर ठरतं.

योजना भरण्याचं उदाहरण ब्राझीलमधलं आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी एम्ब्रेअर कंपनीचं नवंकोरं लेगसी जेट उत्तरेकडे मानाउसला निघालं होतं. वाटेत त्याचा ट्रान्सपॉन्डर बंद पडला, बहुधा वैमानिकांच्या नकळत. पुढची जवळपास ५५ मिनिटं ते तसंच उडत राहिलं. उड्डाण आराखड्याप्रमाणे ब्राझिलियानंतर ते ३६ हजार फुटांवर यायला हवं होतं आणि नियंत्रकांच्या पडद्यावर संगणकाने तीच उंची आपोआप लिहिली. विमान प्रत्यक्षात ३७ हजारांवरच होतं. पाळी बदलली, पुढच्या नियंत्रकाला वारशात तोच चुकीचा समज मिळाला. समोरून त्याच उंचीवर गोल कंपनीचं बोईंग ७३७ येत होतं. दोघांच्या टीकॅसला एकमेकांचा पत्ता नव्हता. लेगसीच्या पंखाच्या टोकाने बोईंगचा डावा पंख कापला गेला आणि ॲमेझॉनच्या जंगलात १५४ जणांचा अंत झाला. लेगसीतले सातहीजण जिवंत उतरले. वैमानिकांचं दुर्लक्ष हा या अपघाताचा एक भाग. तासाभराच्या त्या मौनाला जमिनीवर कुणीही प्रश्न म्हणून वागवलं नाही, हा दुसरा.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ रोजी असंच घडलं. अपहरण झालेल्या चारपैकी तीन विमानांचे ट्रान्सपॉन्डर बंद करण्यात आले आणि चौथ्याचा संकेतांक बदलण्यात आला. अमेरिकन एअरलाइन्सचं ७७ क्रमांकाचं विमान ८ वाजून ५६ मिनिटांनी पडद्यावरून गेलं. नियंत्रक त्याला ठरलेल्या वाटेवर, पश्चिमेकडे शोधत राहिले. ते मात्र मागे वळून वॉशिंग्टनकडे निघालं होतं. छत्तीस मिनिटं ते कुणाच्या लक्षात न येता उडलं आणि मग पेंटॅगॉनवर आदळलं.

तेरा वर्षांनी, ८ मार्च २०१४च्या पहाटे, एमएच ३७० हे विमान मलेशिया आणि व्हिएतनामच्या हवाई हद्दींच्या सीमेवर मुकं झालं. विमानात २३९ जण होते. त्यांत पाच भारतीय होते आणि त्यांतल्या काहींची घरं मुंबई-पुण्याकडे होती. क्वालालंपूरने ‘शुभ रात्री’ म्हणून विमान पुढच्या केंद्राच्या हवाली केलं, १ वाजून २१ मिनिटांनी ते पडद्यावरून गेलं आणि हो चि मिन्हच्या नियंत्रकांनी पहिली विचारणा केली १ वाजून ३९ मिनिटांनी. पुढे विमान कंपनीच्या कक्षातून ते कंबोडियाच्या आकाशात असल्याचं कळवलं गेलं. नंतर उघड झालं की ती जागा नियोजित मार्गावरून अंदाजाने काढलेली होती. त्याच वेळी मलेशियाच्या लष्करी रडारवर ते विमान द्वीपकल्प ओलांडून पश्चिमेकडे जाताना उमटत होतं. पाहणाऱ्याने ते धोक्याचं मानलं नाही आणि कुणाला उठवलं नाही. शोध व बचाव केंद्र पहाटे साडेपाचला जागं झालं. उपग्रहाशी विमानाची शेवटची हाक-प्रतिहाक सकाळी ८ वाजून १९ मिनिटांची आहे.

आता भीती भरलेलं मौन पाहू. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं. सोव्हिएत हवाई संरक्षणाच्या मनात अमेरिकेचं हेरगिरी विमान आधीच ठाण मांडून बसलं होतं. सुखोई विमानाने सोडलेल्या क्षेपणास्त्रांनी २६९ प्रवासी आणि कर्मचारी संपवले. २००१च्या एप्रिलमध्ये पेरूच्या हवाई दलाने अमली पदार्थांच्या तस्करीच्या संशयावरून पाण्यावर उतरणाऱ्या एका छोट्या विमानावर गोळ्या झाडल्या. आत मिशनरी कुटुंब होतं. एक आई आणि तिची तान्ही मुलगी मेली. भीती किती बहिरी असते, याचं सगळ्यात दुःखद उदाहरण म्हणजे ३ जुलै १९८८. इराण एअरचं ६५५ विमान त्या दिवशी मुकं नव्हतं. त्याचा ट्रान्सपॉन्डर नागरी संकेतांकाने उत्तर देत होता. अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ युद्धनौकेवरच्या माणसांनी ते लढाऊ विमान धरलं आणि २९० जणांसह पाडलं. त्यांत दहा भारतीय होते. ट्रान्सपॉन्डर सुरू ठेवला की प्रवासी सुरक्षित, असं म्हणून मोकळं होता येत नाही. ऐकणाऱ्याचे कान आणि मन दोन्ही जागेवर असावे लागतात.

राहिली ‘आपलंच असेल’ ही समजूत. १९८७च्या मे महिन्यात माथियास रुस्ट नावाचा जर्मन तरुण हेलसिंकीहून स्टॉकहोमचा आराखडा देऊन निघाला, उपकरणं बंद करून पूर्वेकडे वळला आणि मॉस्कोत रेड स्क्वेअरपाशी उतरला. त्याच्या एकाच मौनाचे दोन अर्थ लावले गेले. फिनलंडच्या नियंत्रकांना वाटलं विमान बुडालं. त्यांनी समुद्रात शोध सुरू केला. सोव्हिएत रडारवर त्याला वाटेत ‘आपल्यातलंच’ ठरवण्यात आलं. पुढे सोव्हिएत संरक्षणमंत्र्यांची खुर्ची गेली. फिनलंडचा अंदाज चुकला तरी मला तो सगळ्यात माणुसकीचा वाटतो. उत्तर आलं नाही तर आधी कुणीतरी संकटात आहे असं धरून धावायचं, हीच कोणत्याही यंत्रणेची पहिली प्रतिक्रिया असायला हवी.

शिवाय मौनाची बहुतेक कारणं साधी असतात. वायरिंग बिघडतं, बटण ‘स्टँडबाय’वर राहतं, जमिनीवरचं रडारच झोपतं. २००६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या नेवाडात एका ग्लायडरच्या वैमानिकाने बॅटरी वाचवण्यासाठी ट्रान्सपॉन्डर बंद ठेवला होता. एक बिझनेस जेट त्याच्यावर आदळलं. सुदैवाने सगळे वाचले. आपल्याकडे पुण्याच्या हडपसरला ग्लायडिंग केंद्र आहे, कामशेतच्या डोंगरावरून पॅराग्लायडर उडतात आणि त्याच परिसराच्या आकाशात लोहगावच्या तळावरची लढाऊ विमानं आणि प्रवासी विमानंही असतात. कापडाच्या पंखाखाली लोंबकळणाऱ्या हौशी माणसाकडून जेटएवढ्या उपकरणांची अपेक्षा करता येत नाही. त्याच्यासाठी ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि नियंत्रकाला आधी दिलेली सूचना हेच ट्रान्सपॉन्डरचं काम करतात. ही शिस्त मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी, पण तिचं हत्यार दंड आणि परवाना असावं.

जाणूनबुजून मुकी राहणारी सर्वांत मोठी जमात मात्र सरकारांची स्वतःचीच आहे. नागरी विमानवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम ठरवणारा शिकागो करार लष्करी विमानांना लागू होत नाही. नागरी विमानांच्या सुरक्षिततेचं भान ठेवा, एवढंच तो सरकारांना सांगतो. ३ मार्च २०१४ रोजी कोपनहेगनहून रोमला निघालेलं एसएएसचं प्रवासी विमान स्वीडनच्या दक्षिणेला ट्रान्सपॉन्डर बंद ठेवलेल्या रशियन टेहळणी विमानाच्या अगदी जवळून गेलं. हवा स्वच्छ होती आणि प्रवासी विमानाच्या वैमानिकांचे डोळे उघडे होते, म्हणून ते निभावलं. २०१६मध्ये फिनलंडचे अध्यक्ष सौली नीनिस्तो यांनी बाल्टिक समुद्रावर सर्वांनीच ट्रान्सपॉन्डर सुरू ठेवावेत असं सुचवलं. पुतीन यांनी त्याला अनुकूलता दाखवली आणि नाटोची विमानंही बंद ठेवून उडतात याकडे बोट दाखवलं. बोट दाखवण्यात दोन्ही बाजू पटाईत आहेत, आणि मधून जाणारा प्रवासी कोणत्याच बाजूचा नसतो. युद्धकाळात लपण्याची गरज मला समजते. शांततेच्या काळात, प्रवासी मार्गांच्या तोंडाशी, सरावासाठी दिवे मालवून उडणं समजत नाही.

मग यंत्रणांनी करायचं काय? या पुस्तकातली प्रकरणं त्याचा तपशील देतात. मी इथे त्याचा क्रम तेवढा सांगतो.

पहिली काही मिनिटं नियंत्रकाची. त्याने वैमानिकाला ट्रान्सपॉन्डर पुन्हा सुरू करायला सांगावं. उत्तर नसेल तर १२१.५ मेगाहर्ट्झ या संकटकालीन वारंवारितेवर हाक द्यावी, जवळच्या विमानांना निरोप पोचवायला सांगावं, प्रायमरी रडारचा ठिपका शोधावा. या सगळ्याच्या आधी, हातासरशी, बाकीची विमानं बाजूला करावीत. ज्याची उंची कळत नाही, ते विमान कोणत्याही उंचीवर असू शकतं असंच धरून चालावं. पडद्यावर योजनेतला आकडा दिसत असेल तर तो खरा मानू नये. आणि संगणकाने असा आकडा आपणहून लिहूच नये.

दुसरी पायरी फोनची. पुढच्या केंद्राला, विमान कंपनीला, शोध व बचाव केंद्राला आणि हवाई दलाला एकाच वेळी कळलं पाहिजे. अनिश्चितता, सावधानता आणि संकट अशा तीन अवस्था आंतरराष्ट्रीय नियमांत आधीच ठरलेल्या आहेत. त्या वेळेवर जाहीर करायला कुणी कचरू नये. चुकून उठवल्याबद्दल कुणाला बोल लागणार नाही, एवढी हमी वरिष्ठांनी आधीच द्यायला हवी. भारतात हवाई दलाचं एकात्मिक नियंत्रण जाळं लष्करी आणि नागरी रडारांचं चित्र एकत्र आणतं, आणि संवेदनशील पट्ट्यांत उडण्याआधी हवाई संरक्षणाचा परवाना क्रमांक घ्यावा लागतो. पाया चांगला आहे. पण यंत्रं जोडली म्हणून माणसं जोडली जात नाहीत. रात्री दोन वाजता लष्करी आणि नागरी कक्षांतली दोन माणसं एकमेकांना नावाने ओळखत असली पाहिजेत, आणि त्यासाठी दोघांचा एकत्र सराव लागतो.

तिसरी पायरी म्हणजे कंदील घेऊन जाणं. लढाऊ विमान पाठवण्याचा पहिला हेतू पाहणं हा असावा. शेजारी येऊन पंख हलवणं म्हणजे ‘माझ्या मागे या’, आणि समोरच्याने पंख हलवणं म्हणजे ‘समजलं’, ही खुणांची भाषा जगभर एकच आहे. २००५मध्ये ग्रीसच्या एफ-१६ विमानांनी मूक झालेल्या, हेलिओस कंपनीच्या प्रवासी विमानाच्या काचेतून आत पाहिलं, तेव्हा कळलं की सहवैमानिक बेशुद्ध आहे. शत्रू कुणीच नव्हता, केबिनमधली हवा विरळ झाली होती. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाशी जर्मनीवर संपर्क तुटला, तेव्हा दोन युरोफायटर शेजारी आली, संपर्क जुळला, विमान सुखरूप पोचलं. १९९५च्या डिसेंबरात पुरुलियावर शस्त्रं टाकणारं अँटोनॉव्ह विमान पुन्हा भारताच्या हद्दीतून जाताना हवाई दलाने ते गोळी न झाडता मुंबईत उतरवलं. आकाशातलं काम चोख झालं. मुख्य आरोपी मात्र विमानतळावरूनच निसटला. विमान उतरवलं की काम संपतं, असं समजणाऱ्यांनी ही रात्र लक्षात ठेवावी.

आणि गोळी? कोरियन विमानाच्या घटनेनंतर १० मे १९८४ रोजी शिकागो करारात ३ बिस हे कलम घालण्यात आलं: उडत्या नागरी विमानावर शस्त्र वापरू नये, आणि अडवताना आतल्यांचे जीव धोक्यात घालू नयेत. ते अमलात यायला १ ऑक्टोबर १९९८ उजाडलं. ११ सप्टेंबरनंतर अनेक देशांनी अपवाद शोधले. भारताच्या २००५च्या अपहरणविरोधी धोरणात, विमानाचंच क्षेपणास्त्र होत असेल तर ते पाडण्याची मुभा आहे. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने मात्र २००६मध्ये तसा कायदा रद्द केला. निरपराध प्रवाशांना एखाद्या वस्तूसारखं वागवणं मानवी प्रतिष्ठेत बसत नाही, अशी त्याची भूमिका होती. या दोन टोकांमध्ये प्रामाणिक मतभेद असू शकतात. माझ्या मते एक गोष्ट मात्र वादापलीकडची आहे. ट्रान्सपॉन्डर बंद असणं हा एकटा पुरावा कधीही पुरेसा नाही. निर्णय घेणारी व्यक्ती आधी ठरलेली असावी, तिचे शब्द नोंदले जावेत आणि नंतर ते जनतेपुढे यावेत.

एमएच ३७०नंतर नियम थोडे पुढे सरकले. नोव्हेंबर २०१८पासून समुद्रावरून जाणाऱ्या मोठ्या प्रवासी विमानांची जागा दर १५ मिनिटांनी कळावी असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. मुंबईच्या नियंत्रण केंद्राकडे अरबी समुद्राचा फार मोठा पट्टा आहे, आखातात कामाला जाणारी आपली हजारो माणसं रोज त्यावरून जातात, तेव्हा ही दूरची गोष्ट नाही. पण कितीही उपग्रह सोडले तरी कधीतरी एखादं विमान मुकं होणारच. त्या क्षणी पडद्यासमोर बसलेला माणूस त्या मौनात काय भरतो, हे त्याच्या प्रशिक्षणावर, त्याच्या झोपेवर आणि वरिष्ठांवरच्या त्याच्या विश्वासावर ठरेल. विमानवाहतुकीत काम करणाऱ्यांनी, धोरण ठरवणाऱ्यांनी आणि खिडकीपाशी बसून ढग पाहणाऱ्या प्रवाशांनीही हे पुस्तक त्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून वाचावं.

८ मार्च २०१४ रोजी १ वाजून २१ मिनिटांपासून ८ वाजून १९ मिनिटांपर्यंत जवळजवळ सात तास होतात. तेवढा वेळ ते विमान हवेत होतं, काही काळ एका देशाच्या रडारवरही होतं. शेवट बदलला असता की नाही, यावर तज्ज्ञ वाद घालत राहतील. पण त्या सात तासांत कंदील घेऊन कुणीतरी जवळ जायला हवं होतं.